कॅसेट रिवाइंड करूनच परत द्यावी

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

निलंगा,
मंगळवार

तीर्थस्वरूप भीमाशंकर दाजी यांच्या चरणी निलंग्याहून मलप्पाचा शरणु शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा आहे? गुरुवारी अक्का एकटीच एसटीतून उतरली, तेव्हा कळलं की गुडघ्यानं दगा दिल्यामुळं तुमचं येणं रद्द झालं. डावा की उजवा, यावर अक्काचं आणि माझं एकमत झालं नाही (वास्तुशांतीच्या वेळी डावा होता), म्हणून दोन्ही गुडघ्यांची काळजी एकत्रच कळवतो. अक्का सुखरूप आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला इतकं स्वच्छ दिसून राहिलं आहे, की आल्या आल्या तिनं आमच्या छताच्या कोपऱ्यातली जळमटं बोटानं दाखवली. तेव्हापासून आमची गौरम्मा नणंदेशी गोड आणि माझ्याशी अजिबात बोलत नाही. बाकी खुशाली आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. दाजी, फोनवर तुम्ही "हाव", "बरं" आणि "ठेवतो" या तीन शब्दांपलीकडं जात नाही, आणि तुमच्या पोरीचं, शिवांगीचं नाव निघालं की पहिले दोन शब्दही गळतात. पत्राला "ठेवतो" म्हणता येत नाही. म्हटलं तरी ते टेबलावर पडून राहतं, आणि ज्या माणसानं छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून मिनिटामिनिटाची नोंद केली, तो लिहिलेला कागद अर्धवट सोडूच शकत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाचा. खालच्या ताजा कलमांसकट.

विषय असा आहे, की फोनवर किंवा टीव्हीवर पिक्चर भाड्यानं उतरवून घेण्यात फायदा जास्त की तोटा. संक्रांतीला तुम्ही मला म्हणाला होतात, "जो पिक्चर टॉकीजला लागला न्हाई आन् फोनात भाड्यानं मिळतो, त्याला पिक्चर म्हनायचं का मलप्पा?" त्या वेळी माझ्या तोंडात तिळगूळ होता म्हणून मी गप्प बसलो. आता तोंड रिकामं आहे.

या विषयावर बोलायचा अधिकार निलंगा तालुक्यात कुणाला असेल तर तो मला आहे. अठरा वर्षं बस स्टँडच्या मागं माझी "गौरी व्हिडिओ लायब्ररी" होती. अकराशे कॅसेटी आणि पंधरा खेड्यांतली गिऱ्हाइकं. आज त्याच गाळ्यात मी कटलरीचं दुकान चालवतो, बांगड्या-टिकल्या-रिबिनी विकतो, पण भिंतीवरची जुनी पाटी मी उतरवलेली नाही: "कॅसेट रिवाइंड करूनच परत द्यावी. हुकमावरून." (बांगड्या भरायला आलेल्या नव्या सुना ती वाचून बिचकतात. बिचकू द्या.) भाड्याच्या पिक्चरचा धंदा म्हणजे काय चीज आहे, ते मला कुणी शिकवू नये.

आधी फायदे सांगतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतो असं तुम्हाला म्हणता येणार नाही. उतरवलेल्या पिक्चरला बुरशी लागत नाही. श्रावणात माझ्या निम्म्या कॅसेटींवर पांढरी साय धरायची आणि मी नि गौरम्मा दुपारभर कापूस आणि स्पिरिट घेऊन बसायचो. उतरवलेला पिक्चर उंदीर खात नाही. आणि सगळ्यांत मोठा फायदा, त्याच्यावर कुणाला दुसरं काही भरता येत नाही. चाकूरच्या एका गिऱ्हाइकानं माझ्या एका देवादिकांच्या पिक्चरवर आपल्या मेव्हणीचा साखरपुडा भरून कॅसेट मुकाट परत केली. पुढं ती शेषेराव काकांनी नेली, पूर्ण बघितली, आणि आणून देताना म्हणाले, "देव लई उशिरा आला गड्या, पर पंगती झकास दाखवल्यात." असलं काही आता होत नाही. शिवाय कॅसेट एका वेळी एकाच घरी जायची. आता एकच खातं चार घरी चालतं. आमचंच बघा, ते आमच्या टीव्हीवर आहे, सूनबाई अंजूच्या फोनवर आहे, हैदराबादला रुद्रेशच्या लॅपटॉपवर आहे, आणि ऑपरेशनच्या वेळी अक्काला पडल्या पडल्या वचनं ऐकता यावीत म्हणून अंजूनं तुमच्या फोनवरही टाकून दिलं होतं. सोय म्हणावी तर अशी.

आता तोटे. पहिला तोटा, गिऱ्हाईक दिसत नाही. पिक्चर परत करायला कुणी दारात येत नाही, "कसा होता?" विचारायला कुणी मिळत नाही, मुदत संपली की पिक्चर आपला आपण निघून जातो. मला हे पटतच नाही. (मी पहिल्यांदा असा पिक्चर भाड्यानं घेतला तेव्हा संपल्यावर तो सुरुवातीपर्यंत मागं ओढून ठेवला, पुढच्या माणसाची पंचाईत नको म्हणून. अंजू पदर तोंडाला लावून आत गेली. हसली तर हसली. माझा धर्म मी सोडणार नाही.) आणि रिवाइंड न करता आलेल्या कॅसेटीला लोक नावं ठेवतात, पण दाजी, तीच कॅसेट सगळं सांगायची. मशीनमध्ये घातली की ती जिथं थांबलेली असेल तिथून सुरू व्हायची. कोण अर्ध्यात झोपला, कुणी एकच नाच चार वेळा बघितला, कोणती बाई शेवटी रडू येईल म्हणून आधीच बंद करून बसली, हे मला गिऱ्हाइकानं तोंड न उघडता कळायचं. अठरा वर्षांत मी एकदाही चुकलो नाही आणि एकदाही कुणाची गोष्ट बाहेर काढली नाही.

दुसरा तोटा त्याहून वाईट. पिक्चर संपून नावं यायला लागली, की कंपनी त्या चित्राला सुपारीएवढं करून कोपऱ्यात फेकते आणि दुसऱ्याच कुठल्या पिक्चरची जाहिरात लावते. डोळ्याचं पातं लवायच्या आत बटण दाबलं तरच नावं पुन्हा मोठी होतात. ज्यांनी रात्रंदिवस राबून पिक्चर केला, त्यांचं नाव वाचू द्यायचं नाही? छत्तीस वर्षं तुम्ही गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलात. प्लॅटफॉर्मवरचे लोक इंजिनाकडं बघायचे, तुमच्याकडं कोण बघत होतं? पण तुम्ही हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ड्रायव्हरची गाडी हलवायची हिंमत होती का? संकलन करणाऱ्याचं तसंच असतं. कुठं थांबायचं, कुठं सोडायचं, ते तो ठरवतो. हे मला शिवांगीनं समजावलं नाही, माझं मला सुचलं.

आता मुद्द्यावर येतो. (ठेवू नका.) दोन वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत, पोरीनं नांदेडच्या कॉलेजातली पक्की नोकरी सोडून मुंबईला पिक्चर कापायचं काम धरलं हे तुम्हाला समजलं, आणि हातातला घास ताटात ठेवून तुम्ही म्हणालात, "पडद्यावर हिचं नाव दिसंल त्या दिवशी हिच्याशी बोलीन. तवर न्हाई." दीडशे लोकांनी ऐकलं. तेव्हापासून तुम्ही अक्काला म्हणता "तिला सांग", ती अक्काला म्हणते "बाबांना सांग", आणि माझी बहीण मधल्या स्टेशनासारखी दोन्हीकडच्या गाड्या सोडत बसली आहे. आता पोरीनं पूर्ण कापलेला पहिला पिक्चर आला, 'आडतीवरची बाई', आणि तो टॉकीजला न लागता फक्त भाड्यानं उतरवून घ्यायला मिळतो. म्हणजे तुम्ही म्हणणार, टीव्ही म्हणजे पडदा नव्हे. तुम्ही जबानीचे किती पक्के आहात, ते मला माहीत नाही का? म्हणून मी ठरवलं, की पिक्चर भाड्यानं घ्यायचा, दुकानामागच्या मोकळ्या जागेत खराखुरा पडदा बांधायचा, लातूरहून प्रोजेक्टर आणायचा, आणि पाच पंच बसवून त्यांच्यासमक्ष नाव दाखवायचं. कागदावर पाच सह्या घेऊन तो कागद तुम्हाला पाठवायचा. मग बघू दाजी कसे बोलत नाहीत!

मागच्या सोमवारीच अंजूकडून पिक्चर भाड्यानं घेऊन ठेवला. यात कायदा असा, की घेतल्यापासून तीस दिवसांत कधीही लावा, पण एकदा लावला की अठ्ठेचाळीस तासांत संपवा. मी घरात ताकीद दिली, रविवारपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही. टीव्हीवर टॉवेल टाकला. गौरम्माच्या मालिका सहा दिवस बंद होत्या. (ती माझ्याशी न बोलण्याचं हे दुसरं कारण.)

रविवारी संध्याकाळी सहा वाजता साठ-सत्तर माणसं जमली. अक्काची नऊवारी पांढरी निघाली नाही म्हणून गौरम्माच्या तीन चादरी जोडून पडदा केला. पंच पुढच्या खुर्च्यांवर. त्यांत शेषेराव काका होते आणि गुंडप्पा आडते होते, कारण आडतीवरचा पिक्चर म्हटल्यावर वजनकाटा बरोबर दाखवला का ते मी बघणार, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मी उभा राहून चार शब्द बोललो. (अक्का म्हणते चाळीस मिनिटं. तिचं घड्याळ पुढं आहे.) भाचीचं कौतुक केलं, लायब्ररीचा इतिहास सांगितला, नारळ फोडला, आणि अंजूला म्हणालो, सोड.

पडद्यावर एवढी मोठी अक्षरं आली: भाड्याची मुदत संपली आहे.

दाजी, अठरा वर्षांत गिऱ्हाइकासमोर माझी मान खाली गेली नव्हती. शेषेराव काकांनी ती अक्षरं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "ह्ये पोरीचं नाव हाय काय रं?" मला तर कानकोंडं झाल्यासारखं झालं. टॉवेल तसाच होता. अंजूनं महादेवाची शपथ घेतली. राहता राहिला आमचा रुद्रेश, म्हणजे हैदराबादला बसून यानंच चोरून बघितला, म्हणून मी सत्तर माणसांसमोर त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. पुन्हा भाडं भरावं तर त्याचा तो ओटीपीचा आकडा येतो रुद्रेशच्याच फोनवर, आणि रुद्रेश बसला होता टॉकीजमध्ये, फोन मुका करून. बाप निलंग्यात पिक्चर लावायला तडफडून राहिला आणि पोरगा तिकडं आरामात पिक्चर बघून राहिला! पाऊण तास लोक चादरींकडं बघत बसले. गौरम्मानं चिवडा वाटला. गुंडप्पांनी तेवढ्यात सोयाबीनचा भाव सांगितला.

शेवटी मध्यंतरात रुद्रेशनं फोन बघितला, आकडा सांगितला, आणि पिक्चर लागला. पण सुरुवातीपासून नाही. अंजूचा अंगठा घाईत कुठं पडला कोण जाणे, चादरीवर उजेड आला आणि पहिलंच जे उमटलं ते चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत:

संकलन
शिवांगी भीमाशंकर मिटकरी

अंजूनं तिथंच थांबवलं. अक्का उठली, पडद्याजवळ गेली आणि चादरीवर त्या अक्षरांना हात लावून उभी राहिली. अक्षरं तिच्या हातावर, तिच्या पदरावर पडली. मग शेषेराव काकांनी टाळी वाजवली आणि सगळी गल्ली वाजवायला लागली. खोटं कशाला सांगू, मी रडलो. अभिमानानं रडलो. माझ्या भाचीचं नाव, आणि त्याच्या मधोमध तुमचं. मुंबईत कुणी तिला मधलं नाव लाव म्हणून सांगितलं नव्हतं, मी विचारलंय तिला.

नंतर पिक्चर पहिल्यापासून बघितला. काय कापलाय, दाजी! आडतीवरची ती बाई भाव पुकारायची वाट बघून राहिली आहे आणि कुणी तिच्या ढिगाकडं येतच नाही, तो तुकडा इतका वेळ ठेवलाय की गुंडप्पा आडते खुर्चीतून ओरडले, "अहो कुनी तरी बोला!" आणि संपल्यावर म्हणाले, काटा बरोबर होता. लातूरच्या आडत्यानं याहून मोठं सर्टिफिकेट आजवर कुणाला दिलेलं नाही. पाचही सह्या झाल्या, कागद सोबत जोडला आहे. (एक अंगठा आहे. धोंडाबाईंचा. तो पण धरायचा.)

नंतर पोरीला फोन लावला. सगळं सांगितलं, टाळ्या, गुंडप्पा, तीन चादरी. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मामा, बाबांनी बघितला का?" मी म्हणालो, त्यांचा गुडघा दुखतो. ती म्हणाली, "हाव, बरं, ठेवते." तुमचीच पोरगी आहे, यात शंका नाही.

तर एकूण जमाखर्च बघता उतरवलेल्या पिक्चरचे तोटेच जास्त आहेत, असं माझं परवापर्यंत मत होतं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि दोन्ही गुडघ्यांना जपा.

तुमचा,
मलप्पा उस्तुरे

ता. क. अक्का शनिवारच्या गाडीनं मुदखेडला येते आहे. तिच्यासोबत गुडघ्याचं तेल पाठवतो. लावायची गरज असेल तर लावा.

ता. क. दुसरा. रुद्रेशची मी माफी मागितली आहे. काल मी अंजूला विचारलं, की पिक्चर त्या नावावरच कसा उघडला. ती म्हणाली, मामंजी, जो शेवटी बघतो तो जिथं थांबवतो तिथूनच उघडतो, खाली लाल रेघ असते. म्हणजे रिवाइंड न केलेली कॅसेट! मग मला पुढं काही विचारायची गरज राहिली नाही, तरी तिनं खात्यात शोधून सांगितलं: पिक्चर लागला शुक्रवारी दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी, मुदखेडला, फोनवर. अक्का तेव्हा आमच्याकडं जळमटं दाखवून राहिली होती. त्या घरात दुसरं कोण असतं, दाजी? एका बैठकीत पूर्ण बघितला. कंपनीनं नावं कोपऱ्यात फेकली तेव्हा चटकन बटण दाबून ती मोठी केली, आणि पोरीच्या नावावर थांबवून ठेवला. तिथून पुढं एक क्षणही गेला नाही. किती वेळ बघत बसला होतात, ते मात्र लाल रेघ सांगत नाही. मी हे अक्काला सांगितलं नाही, गल्लीला नाही, पोरीलाही नाही. अंजूचं तोंड मी बंद केलं आहे. लोकांना सांगितलं, महादेवाची कृपा. गिऱ्हाइकाची गोष्ट मी बाहेर काढत नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. माझ्या लायब्ररीत रिवाइंड न करता कॅसेट देणाऱ्याला दंड होता, आणि तो मी सख्ख्या सासऱ्यालाही सोडला नव्हता. तुमचा दंड असा. पोरीला चार दिवस सुट्टी मिळाली आहे. मामा, निलंग्याचं तिकीट काढू का, असं विचारत होती. मी तिला मुदखेडचं काढायला लावलं. रविवारी सकाळी सातच्या गाडीनं उतरते. दार उघडाल की नाही या धास्तीनं ती शेवटच्या डब्यात बसते म्हणाली, म्हणजे उतरायला तेवढाच उशीर. प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाला उभं राहायची तुमची सवय अजून गेली नसेल. झेंडी घरात असेलच, हिरवी आणा.